बुधवारचा ठिपका

आजच्या समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या तालुक्याच्या आरोग्य अधिकारी आदरणीय डॉ. तहसीन मॅडम, मंचावर बसलेले तुमरपल्लीचे सरपंच पत्रूभाऊ, आज आपण ज्यांना निरोप देतो आहोत ते सत्कारमूर्ती लोकेश सर, समोर बसलेल्या सिस्टर, आशाताई, प्रयोगशाळेतले माझे सहकारी, आणि मागच्या दाराशी भज्यांच्या वासावर लक्ष ठेवून बसलेली समस्त मंडळी, सर्वांना माझा जयभीम, जय सेवा आणि सलाम.

सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंनी माझ्या हातात एक चिठ्ठी दिली आहे. तिच्यावर लिहिलं आहे, ‘वेळ दोन मिनिटे’. ताई, दोन मिनिटांत तर माझा चष्माही सापडत नाही. मॅडमची परवानगी असेल तर मी थोडा जास्त वेळ घेईन. मॅडम हसल्या, म्हणजे परवानगी मिळाली असं मी धरतो.

नवीन लोकांसाठी माझी ओळख सांगतो. मी लहानू उंदीरवाडे, आरोग्य सेवक. या तालुक्यात तापाचे रक्तनमुने घेत एकतीस वर्षं पायी फिरलो. निवृत्तीला दोन महिने राहिले आहेत. माझा एक गुडघा माझ्या आधीच निवृत्त झाला आहे, पण त्याला अजून कोणी शाल दिली नाही.

तर लोकेश सरांबद्दल बोलायचं. हे गडचांदूरचे. वडील सिमेंटच्या कारखान्यात होते. पोरगा शिकला, आकडेशास्त्र का काय त्यात पदवी घेतली, आणि वर्षभराच्या करारावर आपल्याकडे एका नव्या प्रयोगासाठी आला. तो प्रयोग काय, हे आपल्यापैकी निम्म्या लोकांना शेवटपर्यंत समजलं नाही, म्हणून मी माझ्या भाषेत सांगतो. माणसाला ताप आला की तो पहिले दवाखान्यात जातो काय? नाही. पहिले मोबाईलला विचारतो. ‘थंडी वाजून ताप येतो’, ‘मलेरियाची गोळी कोणती’, ‘लघवी पिवळी काऊन होते’. कोणी विचारलं, त्याचं नाव काय, हे दिसत नाही. कोणत्या टॉवरखालून किती वेळा विचारलं, तेवढंच समजते. एखाद्या ठिकाणी असं विचारणं एकदम वाढलं, की सरांच्या नकाशावर तिथे नारिंगी ठिपका उमटायचा. म्हणजे लोक दवाखान्यात यायच्या आठ-दहा दिवस आधी आपल्याला खबर.

सुरुवातीला गमती पुष्कळ झाल्या. एकदा एका आश्रमशाळेवर डेंग्यूचा एवढा मोठा ठिपका आला, की आम्ही फवारणीचे पंप घेऊन गाडीत बसलो. जाऊन पाहतो तर डेंग्यूवर निबंध स्पर्धा! पोट्टे मास्तरांच्या मोबाईलवर निबंध शोधून राहिले होते. सिरोंच्याकडे तर महिनाभर ठिपकाच उमटेना. सर खूश, म्हणे तिकडे तब्येती चांगल्या आहेत. मग कोणीतरी सांगितलं, बाबा, तिकडचे लोक तेलुगूत विचारतात, तुमच्या यादीत तापाचा तेलुगू शब्दच नाही. सर स्वतःवरच एवढे हसले, की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. स्वतःच्या चुकीवर हसणारा साहेब मी माझ्या नोकरीत दुसरा पाहिला नाही.

आणि तरीही हा माणूस मला आवडत नव्हता. हो, आज निरोपाच्या दिवशी सांगतो. काऊन आवडत नव्हता? पहिल्याच दिवशी माझ्या गुडघ्याकडे पाहून ते म्हणाले, “काका, आता तुमची पायपीट कमी होईल. ताप कुठे आहे ते इथे बसून कळेल.”

बोलले ते काळजीनं. मला ते आज समजते. पण त्या दिवशी माझ्या डोक्यात तिडीकच गेली. एकतीस वर्षं नाले ओलांडले, अंगावरच्या जळवा मोजायचं सोडून दिलं, किती घरी पेजेचं पाणी पिऊन दुपार काढली. आणि हे कालचं पोरगं म्हणते, इथे बसून कळेल? मी बायकोला घरी सांगितलं, “पाहू ना, याचा मोबाईल किती नाले ओलांडते ते.” बायको म्हणाली, “तुमी आधी जेवा.”

ऑगस्टमध्ये तुमरपल्लीवर ठिपका आला. बारीक होता, मग वाढत गेला. महिनाअखेरच्या एका गुरुवारी सरांनी एक कागद छापून माझ्या हाती दिला. महिन्याच्या तारखा खाली, आणि प्रत्येक तारखेवर एक काडी, जितकं विचारणं तितकी उंच. सर म्हणाले, “काका, सोमवारी आपण तुमरपल्लीला पथक नेऊ. पण तुम्हाला इथलं माहीत आहे. बघा बरं, यात काही चुकतंय का?”

हे वाक्य लक्षात ठेवा.

कागद मी घरी नेला. चहा घेता घेता पाहिला. चार काड्या उंच होत्या, बाकीच्या जमिनीला टेकलेल्या. मी तारखा पाहिल्या. चारही बुधवार. आता तुम्ही सांगा, ताप काय बुधवारी चढते अन् गुरुवारी उतरते? तुमरपल्लीला बुधवारी काय असते, हे या सभागृहातल्या लहान लेकरालाही माहीत आहे. आठवडी बाजार! अकरा गावांचे लोक येतात. मीठ, तेल, सुकट घेतात, कोंबडा विकतात. त्यांच्या गावात टॉवर नाही, मोबाईल असला तर गाणी ऐकायला. मग ते बाजारात आल्यावर विचारतात. ताप तुमरपल्लीत नव्हताच. तो अकरापैकी कोण्या गावात होता, आणि बुधवारच्या बुधवार चालत बाजारात येत होता. मोबाईल खोटं बोलला नव्हता. कुठे विचारलं ते त्यानं बरोबर सांगितलं. विचारणारा कुठून आला, हे सांगायचं काम आपलं होतं.

मला हे दोन मिनिटांत समजलं. तेवढ्याच वेळात, जेवढा आज मला मिळाला आहे.

शुक्रवारी सरांनी विचारलं, “काका, पाहिलं का?” आणि मी म्हणालो, “मले काय समजते सर ह्यातलं.”

मॅडम, मी पाणी पितो.

तर, मी असं म्हणालो. मनात म्हणत होतो, जाऊ दे सोमवारी, पडू दे तोंडावर. मग समजेल एकतीस वर्षं काय असतात ते. सोमवारी पथक गेलं. मीही होतो. दोनशे चौदा लोकांची बोटं टोचली. दोघांना मलेरिया निघाला. तपासणीच्या किट वाया गेल्या म्हणून वरून बोलणी बसली. येताना गाडीत मी खिडकीतून बाहेर पाहत होतो. खोटं कशाला सांगू, मला बरं वाटत होतं.

मंगळवारी सरांनी तो ठिपका नकाशावरून काढून टाकला. खोटा इशारा म्हणून. मी बाजूलाच उभा होतो. तेव्हाही तोंड उघडता आलं असतं. मी नाही उघडलं.

त्यानंतरच्या बुधवारी मी मुद्दाम बाजाराकडे फिरकलो नाही. त्याच्या पुढच्या बुधवारी जावं लागलं. तिथे आपल्या साबिराबाईचं मोबाईल रिचार्जचं दुकान आहे. साबिराबाई, उभ्या राहा जरा, लोकांना दिसू द्या. टाळ्या नंतर वाजवा, आधी ऐका. या बाईंना माडिया बोली येते. जंगलातले लोक त्यांच्या दुकानात येऊन सांगायचे, घरी बायको थरथर कापते, पोरगा बडबडते. मोबाईलला माडिया समजत नाही, म्हणून या बाई ते हिंदीत मोबाईलला विचारायच्या, आणि उत्तर परत माडियात सांगायच्या. प्रत्येक वेळी एकच सांगायच्या, दवाखान्यात जा. आमचा तो मोठा नारिंगी ठिपका म्हणजे बराचसा ही एक बाई होती.

त्यांनी मला रस्त्यावरच धरलं. “लहानूभाऊ, तुमी लोकं कुठी फिरून राह्यले? ये कोयरवाड्याचे लोकं पाच-सहा हप्त्यापासून येऊन राह्यले, थंडीचा बुखार विचारते. आशा नाई त्यायच्या गावात, उन्हाळ्यापासून जागा खाली आहे. तुमी तं इथी येऊन चांगल्या लोकायले सुया टोचून गेले म्हणते!”

मी म्हणालो, “पाहतो बाई.” त्या म्हणाल्या, “पाहतो नाई, आजच जा. बुधरीचा घरवाला सकाळी रडून गेला इथून. सात महिन्याची पोटुशी आहे ते.”

बुधरी. कोयरवाड्याची. त्याच संध्याकाळी मी सरांकडे गेलो आणि सांगितलं, सर, बुधवारी बाजार असते, ताप कोयरवाड्यात आहे. जसं काही मला तेव्हाच सुचलं. सरांनी कपाळावर हात मारला. म्हणाले, “अरे देवा, बुधवार! मी तारखांचे वार पाहिलेच नाहीत, आठवड्याची बेरीजच पाहत बसलो. काका, तुम्ही नसता तर काय झालं असतं?”

काय झालं असतं? सांगा बरं.

दुसऱ्या दिवशी उजाडताच आम्ही निघालो. गाडी नाल्यापर्यंत, पुढे आठ किलोमीटर पायी. कोयरवाड्यात एकसष्ट जणांना ताप, त्यातल्या अडतीस जणांना मलेरिया, बराचसा डोक्यात जाणारा. बुधरी शुद्धीवर नव्हती. तिला बाजेवर घातलं, चार माणसांनी बाज उचलली. एक खांदा लोकेश सरांचा होता. गडचांदूरच्या डांबरी रस्त्यावर वाढलेला हा पोरगा, चिखलात दोनदा पडला, पण बाज तिरपी होऊ दिली नाही. मी मागून सलाईनची बाटली धरून चालत होतो, आणि माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता. गुरुवार ते गुरुवार. चौदा दिवस.

कोयरवाड्यातलं एकही माणूस दगावलं नाही. बुधरी वाचली. तिचं बाळ नाही वाचलं. मुलगी होती.

तिच्यावर उपचार करणाऱ्या डॉक्टरांना मी एकदा आडून विचारलं, आठ-दहा दिवस आधी गोळ्या मिळाल्या असत्या तर? ते म्हणाले, “लहानूभाऊ, असं खात्रीनं सांगता येत नाही.” चांगले डॉक्टर आहेत. त्यांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे. सव्वीस जानेवारीला याच मंचावर माझा सत्कार झाला. ‘अनुभवी कर्मचाऱ्यानं साथ शोधली’ असं मोठ्यानं वाचून दाखवलं. शाल, नारळ, फोटो. आणि सरांना नोटीस मिळाली. चुकीच्या गावात किट वाया घालवल्या आणि खरा इशारा पुसून टाकला, म्हणून. त्यांनी उत्तरात लिहिलं, ‘चूक माझी आहे.’ चारच शब्द? नाही, तीन. मी ते उत्तर वाचलं आहे. त्यात कुठेही असं नव्हतं, की मी लहानूला विचारलं होतं.

सर तिथेच थांबले नाहीत. दर बुधवारी बाजारात, साबिराबाईंच्या दुकानाशेजारी चिंचेखाली एक टेबल लागते, आपण सगळे पाहतो. तपासणीच्या किट, गोळ्या, एक सिस्टर. ते टेबल सरांनी पत्र लिहून लिहून मंजूर करून घेतलं. आता साबिराबाई मोबाईलला विचारत नाहीत, बोट दाखवून सांगतात, तिकडे जा. त्यामुळे नकाशावर तुमरपल्लीचा ठिपका दिसत नाही, आणि वरचे लोक म्हणतात, प्रयोग बंद पडला, करार वाढवण्यासारखं काही नाही. आता याला काय म्हणावं बाप्पा?

मॅडम, सर तुमच्यासमोर कधी बोलणार नाहीत, म्हणून मीच सांगतो. त्यांच्या अनुभवाच्या प्रमाणपत्रावर कामाबद्दलची ओळ अजून लिहायची आहे, असं मला कार्यालयात समजलं. ती नोटीस पाहून ती ओळ लिहिली जाईल. त्या ओळीवर या पोराची पुढची नोकरी आहे. म्हणून मी हा कागद आणला आहे.

हाच तो ऑगस्टचा कागद. आम्हा रक्तनमुने घेणाऱ्यांना एक सवय असते. रक्ताच्या थेंबाची काच हाती आली की कोपऱ्यात तारीख टाकायची आणि सही करायची. झोपेतही हात चुकत नाही. त्या संध्याकाळी चहा घेता घेता मी चार बुधवारांना निळ्या पेनानं गोल केले, बाजूला ‘बाजार’ लिहिलं, आणि सवयीनं खाली तारीख टाकून सही केली. पथक सोमवारी गेलं. माझी सही त्याच्या आधीच्या गुरुवारची आहे. हा कागद सात महिने माझ्या काचांच्या डब्यात होता. फाडायला तीनदा काढला. फाडता आला नाही, कारण सही केलेला कागद फाडायचा नसतो, हेही एकतीस वर्षांचंच वळण.

काही जण म्हणतील, लहानूभाऊ, सात महिने झोपला होता काय? आजच काऊन? त्याचं उत्तर त्या तिसऱ्या रांगेत, साबिराबाईंच्या बाजूला बसलं आहे. ती बुधरी. मागच्या सोमवारी मी कोयरवाड्याला गेलो. म्हटलं, चारचौघांत बोलायच्या आधी तिला तरी सांगावं. ती अंगणात मोहफुलं वाळत घालत होती. माडिया माणूस सगळ्यांना तूच म्हणतो, कलेक्टरलाही. मी सगळं सांगितलं. ती फुलं पसरवत राहिली. मग म्हणाली, “त्यानं तुले पुसलं होतं?”

मी म्हणालो, पुसलं होतं.

“तुले मालूम होतं?”

मालूम होतं.

“मंग?”

हातातली फुलं पसरून झाल्यावर ती म्हणाली, “मले सांगितलं. आता त्याले सांग. तो पोरगा माही बाज उचलून पडला होता. तो चोरावानी चालला इथून. सगळ्यायसमोर सांग.” एवढं बोलून ती आत गेली, आणि माझ्यासाठी पाणी घेऊन आली. मी ते प्यालो. मला वाटलं होतं ती तांब्या फेकून मारेल. मारला असता तर बरं झालं असतं.

मॅडम, हा कागद तुमच्या हातात देतो. सव्वीस जानेवारीची शालही आणली आहे, त्या पिशवीत आहे. ती कोणाला द्यायची ते तुम्ही ठरवा. माझ्यावर काय कारवाई करायची तेही ठरवा. दोन महिने राहिले म्हणून सूट देऊ नका. फक्त ती ओळ लिहिताना हा कागद समोर ठेवा.

सर, खाली पाहू नका. वर पाहा.

आता आभार. सूत्रसंचालन करणाऱ्या ताईंचे आभार, त्यांनी चार वेळा घड्याळ दाखवलं आणि पाचव्या वेळी ठेवून दिलं. मॅडमचे आभार, त्यांनी मला अडवलं नाही. साबिराबाईंचे आभार, त्यांनी मला रस्त्यात अडवलं. स्वयंपाकघरातल्या मंडळींचे आभार, त्यांची भजी माझ्यामुळे गार झाली.

भाषणाच्या शेवटी आपल्याकडे म्हणतात, बोलण्यात काही चुकलं-माकलं असेल तर पदरात घ्यावं. मी तीस-पस्तीस समारंभांत हे म्हटलं असेल. म्हणताना माझं लक्ष चिवड्याच्या बशीकडे असायचं. आज तसं नाही. आणि माझी चूक बोलण्यातली नाही, न बोलण्यातली आहे. ती पोटात घाला असं बुधरीला कोणत्या तोंडानं सांगू? तिला मी काही मागत नाही. सर, तुमची मात्र माफी मागतो, सगळ्यांसमोर, हात जोडून.

आणि एक काम राहिलं आहे. ऑगस्टमध्ये तुम्ही मला विचारलं होतं, “काका, बघा बरं, यात काही चुकतंय का?” मी तुम्हाला खोटं उत्तर दिलं होतं. खरं उत्तर आज देतो.

हो सर. चुकते. बुधवार पाहा.